ओकुदा उजवीकडेच जातो

सुइता, ओसाका
१३ एप्रिल २०१४

आदरणीय पद्मिनीबाई,
सा. न.

दोन वर्षांत पत्र नाही, त्याबद्दल आधी कान पकडते. तुम्हाला फोनवर आता ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तुम्ही डब्यातच ठेवता, असं आईकडून कळलं. मग म्हटलं, पत्र लिहावं. इथलं पोस्ट चांगलं आहे. दहाव्या-बाराव्या दिवशी कराडात पोचेल.

माझं काम तेच, माणूस पळताना-वळताना शरीर काय करतं ते मोजणं. विद्यापीठातला करार पुढच्या मार्चपर्यंत आहे. पण तुम्हाला सांगावं असं वेगळंच आहे. आमच्या प्रोफेसरांच्या ओळखीनं मी एका छोट्या रग्बी क्लबसाठी सामन्यांचं चित्रण करते आणि आकडे काढून देते. रग्बीचे दोन प्रकार असतात. जपानात सगळीकडे दिसते ती पंधरा जणांची. आमची तेरा जणांची, तिला लीग म्हणतात. ती इथे इतके थोडे लोक खेळतात, की योदो नदीकाठच्या मैदानावर आम्हाला बेसबॉलवाल्यांनी सोडलेली वेळ मिळते.

तुम्हाला हा खेळ आवडेल. चेंडू हातात घेऊन समोरच्यांच्या मुलखात घुसायचं. पकडले गेलात की थांबायचं, उठायचं, चेंडू पायानं मागे ढकलायचा. मागे उभा असलेला गडी तो उचलतो आणि डावीकडे द्यायचा की उजवीकडे, ते ठरवतो. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू समोरच्यांचा. म्हणून पाच झाल्या की बहुतेक वेळा लाथ मारून चेंडू लांब घालवतात.

क्लबातले जुने लोक सामना संपला की एकच रडगाणं गातात, की हा खेळ आता पाठ झालाय. पहिल्या तीन पकडींना धिप्पाड गडी सरळ घुसणार, चौथीला चेंडू कडेला, पाचवीनंतर कोपऱ्यात उंच लाथ. डोळे मिटून सांगावं. ऑस्ट्रेलियातले मोठे संघही तेच करतात म्हणे. आमचे प्रशिक्षक हिरानो-सान नुसते ऐकून घेतात. मी मात्र वाद घालते. मी गेल्या मोसमातले सगळे सामने मोजलेत. जो संघ ठरलेलं तेच करतो, त्याच्या हातून चेंडू कमी सुटतो, आणि तोच जिंकतो. समोरच्याला ओळखता येणं हा काही दोष नाही, ती शिस्त आहे. हे तुमच्याच कबड्डीच्या मैदानावर शिकले, म्हणून निवाडा तुमच्याकडे मागते.

तुमची
नीलिमा


कराड
४ मे २०१४

चि. नीलिमास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर बिघडलंय. कॉम्प्युटरचा परिणाम असेल.

ते यंत्र कानात घातलं की शिट्टीसारखं वाजतं. आयुष्यभर मी शिट्टी वाजवली, आता माझ्या कानात कुणी वाजवू नये. अजूनही सकाळी शाळेच्या मैदानावर जाऊन बसते. पोरी आता रबरी मॅटवर खेळतात. गुडघे सोलत नाहीत हे चांगलं झालं.

निवाडा मागितलास तर ऐक. ठरलेलं तेच करा असं मी शिकवलं, हे खरं. पण तू अर्धंच लक्षात ठेवलंस. चढाईला गेलीस की चार वेळा उजव्या कोपऱ्यावर जा, ते समोरच्या पोरींना पाठ होऊ दे, आणि पाचव्या वेळी डावीकडे हात टाक, असं होतं ते. पाठ करून द्यायचं ते मोडण्यासाठी. मोडायचंच नसेल तर ती सवय झाली, आणि सवयीला साखळी लावणं फार सोपं असतं.

तुझ्या जुन्या खेळाडूंचं मला पटतं. पण खेळ कशानं पाठ होतो, ते त्यांनी सांगितलेलं दिसत नाही. माझ्या पाहण्यात तो भीतीनं होतो. चेंडू सुटेल, बाहेर बसवतील, अशी भीती असली की माणूस कालचंच आज करतो. तू आकडे ठेवायला लागल्यापासून त्यांना आणखी एक भीती मिळाली असेल.

थंडी संपली का? तब्येतीला जप.

पद्मिनीबाई


सुइता
२९ जून २०१४

आदरणीय बाई,
सा. न.

तुमचं पत्र मी हिरानो-सानना जपानीत वाचून दाखवलं. ते बराच वेळ हसले आणि या बाईंना इकडे बोलवा म्हणाले. पण मी हार मानलेली नाही. माझ्या बाजूनं आता पुरावाच आहे.

आमच्या संघात ओकुदा म्हणून एक खेळाडू आहे. वय एकतीस, अंगानं लहानखुरा, लाकडाच्या वखारीत काम करतो. पकड झाल्यावर मागून चेंडू उचलणारा गडी सांगितला होता ना, तो हा. सगळा खेळ त्याच्या हातातून जातो. मूळचा मियागीच्या किनाऱ्यावरचा. २०११च्या लाटेत घर गेलं, आई गेली. वडील अजून सरकारनं बांधून दिलेल्या तात्पुरत्या घरात राहतात आणि अधूनमधून बारा तास बसमध्ये बसून त्याचा सामना बघायला येतात. नोव्हेंबरात एक निवडक संघ ऑस्ट्रेलियाला जायचा आहे. त्यात ओकुदाचं नाव जवळजवळ नक्की आहे. वडिलांनाही तो बरोबर नेणार आहे.

एप्रिलमध्ये ओकुदा चेंडू दोन्हीकडे सारखाच द्यायचा. जूनपासून दहातले आठ-नऊ वेळा तो उजवीकडेच जातो. आणि आमच्या हातून चेंडू सुटण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. मी त्यावर एक योजना करून दिली. वेगवान गडी सगळे उजवीकडे उभे करायचे आणि डावीकडे नुसता देखावा ठेवायचा. हिरानो-साननी मान्य केली. तीनपैकी तीन सामने जिंकलो. ओळखता येणारा खेळ जिंकतो, हे मला निबंध म्हणून छापता येईल. प्रोफेसर खूश आहेत. मार्चनंतरचा करारही त्यावर होऊ शकेल.

तेव्हा बाई, निवाडा बदला.

नीलिमा


कराड
२० जुलै २०१४

चि. नीलिमास,
आशीर्वाद.

निवाडा राहू दे बाजूला. त्या ओकुदाला तू विचारलंस का, की बाबा, तू उजवीकडेच का जातोस?

चाळीस वर्षं मी पोरी खेळताना बघितल्या. दोन्ही बाजूंनी खेळणारी पोर एकाएकी एकाच बाजूला खेळायला लागली, तर मी आधी तिचा खांदा दाबून बघायची, मग घोटा, मग घरी काही झालंय का ते विचारायची. डावपेच कुणाला एका आठवड्यात सुचत नाही. दुखणं मात्र सुचायला लावतं.

इथे कोयनेला पाणी आलंय. विचार आणि कळव.

पद्मिनीबाई


सुइता
१७ ऑगस्ट २०१४

आदरणीय बाई,
सा. न.

घाईत लिहिते आहे. इथे पितरांचा सण आहे, सगळे आपापल्या गावी गेलेत, स्टेशन ओस पडलंय. मी मात्र निबंधाला बसले आहे.

तुम्ही म्हणालात तसं ओकुदाला विचारलं. उजवीकडून खेळायला आवडतं, एवढंच म्हणाला. खांदा, घोटा सगळं ठीक आहे. आणखी दोन सामने जिंकलो.

तुमच्यासाठी गुडघ्याचा पट्टा पाठवते आहे, इथला चांगला असतो.

नीलिमा


कराड
१४ सप्टेंबर २०१४

चि. नीलिमास,
आशीर्वाद.

पट्टा मिळाला. उपयोग होतो.

टीव्हीवर आपली कबड्डी बघितली. नवा नियम आणलाय, दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला गुण आणायचाच, नाहीतर बाद. खेळ रंगावा म्हणून केलंय. पण आता सगळे पहिल्या दोन चढायांना फेरी मारून परत येतात आणि तिसरीलाच जीव लावतात. मला घरबसल्या सांगता येतं. तुझ्या जुन्या खेळाडूंना माझा निरोप दे, की तुमचं खरं आहे.

‘आवडतं’ हे खेळाडूचं उत्तर नसतं, नीलिमा. आणि तुझं पत्र इतकं छोटं कधी नसतं.

पद्मिनीबाई


सुइता
२६ ऑक्टोबर २०१४

आदरणीय बाई,

वाईट बातमी आहे. मागच्या शनिवारी सामन्यात ओकुदाला जबर लागलं.

समोरच्या संघानंही आमचे सामने बघितले होते. त्यांनी उजवी बाजू माणसांनी भरून टाकली आणि डावीकडून दोघं सरळ ओकुदावरच सोडले. पकड नियमात होती, कुणाचा दोष नाही. चेंडू उचलायला तो वाकला होता. डावीकडून येणाऱ्याकडे त्यानं मान वळवलीच नाही. अंग आखडूनसुद्धा घेतलं नाही. खाली पडला तो उठला नाही.

डोक्यात रक्त साचलं होतं. शस्त्रक्रिया झाली. जिवावरचं टळलं. पण दोन्ही डोळ्यांना डावीकडचं दिसत नाही. ते परत येण्याची आशा डॉक्टर देत नाहीत.

हॉस्पिटलात त्याचे वडील भेटले. खांदे वाकलेले, टोपी हातात धरून उभे होते. हिरानो-साननी माझी ओळख करून दिली तेव्हा ते कमरेत वाकले आणि म्हणाले, “भारतातल्या सेन्सेई माझं प्रत्येक पाऊल बघतात, असं मुलगा सांगायचा. तुम्ही त्याच्याकडे इतकं लक्ष दिलंत. आभारी आहे.” सेन्सेई म्हणजे शिक्षक. माझ्या हातात त्यांनी वाळवलेल्या समुद्री शेवाळाचं पाकीट ठेवलं. गावाहून आणलं होतं.

मी पण वाकले. दुसरं काय करणार?

नीलिमा


कराड
१२ नोव्हेंबर २०१४

नीलिमा,

वाचून वाईट वाटलं. त्या बापासाठी फार.

एकच विचारते. तुला कधीपासून माहीत होतं?

पद्मिनीबाई


सुइता
३० नोव्हेंबर २०१४

बाई,

चौदा जूनपासून.

हे पत्र चौथ्यांदा लिहायला घेतलंय. आधीच्या तिन्हींत मी स्वतःची बाजू मांडत होते. आता झालं तेवढंच लिहिते.

मे महिन्यात एका सामन्यात ओकुदाच्या डोक्याला मार बसला होता. उठला, खेळला, कुणाला काही वाटलं नाही. चौदा जूनला सराव संपल्यावर मी त्याला टॅबलेटवर आकडे दाखवले आणि चेष्टेनं म्हणाले, “ओकुदा-सान, डावी बाजू विकलीत की काय?” तो हसला नाही. स्टेशनपर्यंत बरोबर आला. फलाटावर तो माझ्या एका बाजूला उभा होता, तिथून निघून मुद्दाम दुसऱ्या बाजूला गेला, म्हणजे मी त्याच्या उजवीकडे आले. मग म्हणाला, “त्या दिवसापासून डावीकडचं अंधुक दिसतं. तुम्ही आत्ता तिकडे उभ्या होतात, तेव्हा दिसत नव्हतात.”

मी डॉक्टरचं नाव काढलं. तो म्हणाला, “नोव्हेंबरपर्यंत नको. डॉक्टर खेळायचं बंद करतील. बाबांचा पासपोर्ट काढलाय. आई गेल्यापासून ते पहिल्यांदाच कुठेतरी जायला तयार झालेत. हिरानो-सानना सांगू नका.”

मी म्हणाले, “वाकारिमाशिता.” म्हणजे, समजलं. इथे दिवसातून पन्नास वेळा म्हणतो आम्ही हे. गाडी आली आणि मी चढले.

त्यानं गळ घातली म्हणून गप्प राहिले, असं मी पाच महिने स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. घरी गेल्यावर मी आकडे पुन्हा उघडले. उजवीकडे जाण्यानं चुका निम्म्या झाल्या होत्या आणि आलेख इतका सुरेख होता, बाई. त्या रात्री मला त्याच्या डोळ्यांपेक्षा तो आलेख जास्त वेळ दिसत राहिला. मग ती योजना केली, तुम्हाला कळवलेली. वेगवान गडी उजवीकडे ठेवले की कुणी ओकुदाला डावीकडे जा म्हणणारच नाही, आणि मलाही निबंध मिळेल. त्याला जे दिसत नव्हतं, ते मी अख्ख्या संघाचा डावपेच करून टाकलं. मग तो डावपेच सगळ्यांना पाठ झाला, समोरच्यांनासुद्धा. त्या दोघांना कुठून यायचं ते माहीत होतं. का, ते मात्र माहीत नव्हतं. ते फक्त मला माहीत होतं.

जूनमध्ये आला असता तर इतकं झालं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकताना मी हिरानो-सानच्या शेजारी उभी होते. हिरानो-सान म्हणाले, “आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही.” मी मान हलवली.

तुम्हाला मी खोटं लिहिलं. तुम्ही दोनदा विचारलंत.

तेव्हा मला सारखी विभाताई आठवत होती. सांगलीच्या फायनलला गुडघा बांधून खेळली ती. आपण सगळ्या तिच्या धाडसाची गोष्ट किती वर्षं सांगत होतो. मला वाटलं, ओकुदाचं तसंच आहे. खेळाडूचं धाडस आहे, आपण मध्ये येऊ नये.

शेवाळाचं पाकीट स्वयंपाकघरात तसंच आहे. मला ते उघडवत नाही, आणि इथे कचऱ्याचे वार ठरलेले असतात, त्यातल्या कुठल्या वारी टाकायचं हेही ठरवता येत नाही.

नीलिमा


कराड
१८ डिसेंबर २०१४

चि. नीलिमास,

तुला बोल लावायला मी बसले होते. चार ओळी लिहिल्याही. मग तू विभाचं लिहिलंस ते पुन्हा वाचलं आणि तो कागद फाडला.

ती गोष्ट आपण सगळ्या सांगत आलो. तिच्यातला माझा भाग मी कधी सांगितला नाही. आता सांगते.

१९९९, सांगली, मध्यंतर. आपण तीन गुणांनी मागे होतो. विभा माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “बाई, गुडघ्यात कटकन वाजलं. पाय टेकवत नाही.” मी हात लावून बघितलं. मला कळलं. पंचवीस वर्षांचा अनुभव होता, न कळायला काय झालं? मी बँडेज घट्ट बांधलं आणि म्हणाले, “उजव्या पायावर भार दे. चढाईला जाऊ नकोस, कोपरा धर. कुणाच्या लक्षात येणार नाही.” ती म्हणाली, “बाई, दुखतंय हो.” मी म्हणाले, “पंधरा मिनिटं.”

आपण जिंकलो. ढाल शाळेत कपाटात आहे. विभाची पोलीस भरती पुढच्या महिन्यात होती, खेळाडूंच्या जागेवर. ती धावू शकली नाही. पुढेही कधी धावली नाही. आणि बक्षीस समारंभात मीच माईकवर बोलले, की आमची विभा मोडक्या गुडघ्यानं लढली. ते तिचं धाडस ठरवून टाकलं की माझ्याकडे बोट दाखवायला कुणाला जागाच उरत नव्हती. तिलासुद्धा.

तू तेव्हा सतरा वर्षांची. तिच्या शेजारी पाण्याची बाटली घेऊन बसली होतीस. तू ते सगळं ऐकलंस. आठवत नसेल, पण ऐकलंस. दुखणं झाकून त्याचा डावपेच कसा करायचा, हे तुला जपाननं शिकवलेलं नाही. माझ्या मैदानावर शिकलीस, असं तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस.

म्हणून तुला उपदेश करायचा अधिकार मला नाही. तरी एक सांगते, करायचं तर कर. त्या बापाकडे जा. हिरानोंना बरोबर नेऊ नकोस. त्याच्या भाषेत, सरळ सांग. क्षमा मागायला म्हणून जाऊ नकोस, मागितली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं. नुसतं सांगून ये.

विभा मलकापूरला राहते. इथून रिक्षानं दहा मिनिटं. पंधरा वर्षांत मी एकदाही गेले नाही.

पद्मिनीबाई


सुइता
२५ जानेवारी २०१५

आदरणीय बाई,
सा. न.

सांगितलं.

आधी हिरानो-सानना. नदीकाठी, थंडीत, दोघंच होतो. ऐकून ते नदीकडे वळले. मग म्हणाले, “जुलैत एकदा त्याला डावीकडून हाक मारली, तर तो दचकला होता. मी बघितलं होतं. आपण जिंकत होतो.” एवढंच. आम्ही एकमेकांकडे न बघता मैदानाबाहेर आलो. प्रोफेसरांना निबंध मागे घेते म्हणून सांगितलं, कारणही सांगितलं. करार वाढणार नाही. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

मग ओकुदा. तो घरी आलाय, वडील सध्या त्याच्याजवळच राहतात. मी म्हटलं, मी तुमच्या वडिलांना सांगणार आहे. तो चिडला. तो कधी चिडत नाही. “ते माझं गुपित होतं,” म्हणाला, “तुम्हाला बरं वाटावं म्हणून बाबांना का सांगता?” मी म्हणाले, “ते माझे आभार मानतात, ओकुदा-सान. मला ते घेता येत नाहीत.” त्यानं तोंड फिरवलं. नंतर म्हणाला, “बाबा बाजारात गेलेत. तासाभरानं येतील.” म्हणजे थांबा, असंच असावं. मी थांबले.

वडील आले. माझ्यासाठी चहा ठेवायला लागले. मी म्हटलं, चहाआधी ऐका. चटईवर बसले आणि जून महिन्यापासूनचं सगळं सांगितलं. माझं जपानी अशा वेळी मोडतं. कुठे आदराची रूपं चुकली असतील. ओकुदा भिंतीकडे बघत होता.

संपल्यावर वडिलांनी विचारलं, “चौदा जूननंतर किती सामने झाले?”

“नऊ.”

ते बोटांवर मोजायला लागले. “त्यातले तीन मी बघितले,” ते म्हणाले. “तिन्ही वेळा मी काठावरून ओरडत होतो. डावीकडे जा, डावीकडे मोकळं आहे, म्हणून. मला वाटायचं, पोराला एवढं साधं कसं दिसत नाही.”

बाई, मी पुढे वाकले. माझं डोकं चटईला टेकलेलं होतं. त्यांनी मला उठा म्हटलं नाही. हरकत नाही, असंही म्हटलं नाही. इथे लोक सवयीनं म्हणतात ते, पण त्यांनी म्हटलं नाही.

निघताना दाराशी त्यांनी विचारलं, “एप्रिलचं चित्रण तुमच्याकडे आहे का?”

आहे म्हटलं.

“मी एप्रिलमध्ये आलो नव्हतो. तो दोन्हीकडे जायचा, ते मला बघायचंय.”

गेल्या रविवारी घेऊन गेले. आम्ही तिघं बसलो. ओकुदाचं डोकं जरा डावीकडे वळवून त्याला पडदा पूर्ण दिसेल असं वडिलांनी त्याला बसवलं. पहिल्या सामन्यात एकदा ओकुदानं चेंडू उचलला, उजवीकडे देतो असं दाखवलं आणि डावीकडे स्वतःच निसटला. तीस-चाळीस मीटर पळाला. कुणाला कळलंच नाही तो कुठे गेला ते. वडील म्हणाले, पुन्हा दाखवा. मी पुन्हा दाखवलं. सहा वेळा दाखवलं. ओकुदा दोन वेळा बघून उठला आणि आतल्या खोलीत गेला.

पुढच्या रविवारी या, असं ते म्हणाले नाहीत. येऊ नका, असंही म्हणाले नाहीत. मी जाणार आहे. मार्चनंतर राहायचं ठरलं तर निशी-कसाईच्या एका भारतीय कंपनीत सॉफ्टवेअरचं काम मिळण्यासारखं आहे. पण ते टोकियोला, आणि रविवार इथे आहेत. म्हणून अजून हो म्हटलेलं नाही.

नीलिमा


कराड
२० फेब्रुवारी २०१५

चि. नीलिमास,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मलकापूरला गेले. तू गेलीस आणि मी घरात बसून तुला पत्रं लिहायची, हे बरं दिसेना. कानात यंत्र घातलं. तिचं बोलणं नीट ऐकू यायला हवं होतं.

विभा दुसऱ्या मजल्यावर राहते. शिवणाचे क्लास घेते. मला दारात बघून म्हणाली, “बाई, तुम्ही?” आणि खुर्ची पुसली. तिचा मुलगा सातवीला आहे. चहा झाला, मुलाचे मार्क झाले. अर्धा तास मी नुसती इकडचं तिकडचं बोलत बसले. आयुष्यभर पोरींना धीट व्हा म्हणून ओरडले, आणि माझ्या तोंडून ते निघेना. शेवटी म्हणाले, “विभा, सांगलीला मला कळलं होतं. बँडेज बांधतानाच कळलं होतं.”

तिनं मशीनवरचं कापड उचललं, घडी घातली, पुन्हा ठेवलं. मग म्हणाली, “मला माहीत होतं, बाई, की तुम्हाला कळलंय. तुमचा हात थांबला होता. मी म्हटलं, एकदा तरी येतील, म्हणतील. पहिली पाच वर्षं वाट बघितली. मग सोडून दिली.”

रागानं बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. क्षमा वगैरे काही ती बोलली नाही, मी मागितली नाही. तुझी चौकशी केली. ओकुदाचं सगळं सांगितलं मी तिला, तुझ्या परवानगीशिवाय. ऐकून म्हणाली, “नीलिमाला सांगा, रविवार सोडू नको म्हणावं.” का, ते तिनं सांगितलं नाही.

निघाले तेव्हा ती मला सोडायला उठली. मी म्हटलं, तू खाली येऊ नकोस. ती म्हणाली, “असं कसं, बाई.” मी पुढे झाले. ती मागून कठडा धरून यायला लागली. तिचा तो पाय वाकत नाही. एकेक पायरी आडवी उतरते, आधी तो ताठ पाय खाली टेकवते, मग चांगला शेजारी आणते, थांबते. दोन मजले. मी खाली पोचले आणि तिच्याकडे तोंड करून उभी राहिले. दुसरीकडे बघावंसं फार वाटलं. बघितलं नाही. ती शेवटच्या पायरीवर येईपर्यंत बघत राहिले.

पद्मिनी